काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा अंजिरी

रविवारच्या सिनेमाच्या आठवणी काढून गळे काढणारी माणसं मला सहन होत नाहीत. त्यांत माझा सख्खा चुलतभाऊ पहिला. मागच्या महिन्यात मनीषनगरला त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. भिंतीवर दाराएवढा टीव्ही, त्याच्यासमोर चार माणसं चार मोबाइलांत, आणि हा श्रीखंडाची वाटी हातात घेऊन सांगत होता, "आपल्या वेळी कसं सगळं खानदान एका टीव्हीसमोर बसायचं! काय प्रेम होतं!" बोलता बोलता त्याने डोळे पुसले. मग लगेच हसत म्हणाला, "अन् मोठेबाबा काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर साड्यांचे रंग सांगत, आठवते का?" सगळे खो खो हसले. मोठेबाबा म्हणजे माझे वडील. मी वाटी खाली ठेवली आणि हात धुवायला गेले.

प्रेम म्हणे! टीव्ही काकांचा होता, आणि तो काकांचा आहे हे आम्ही विसरू नये याची पुरेपूर काळजी घेतली जायची. गोळीबार चौकामागे विणकरांच्या गल्लीत, एकाच अंगणाच्या दोन बाजूंना आमची दोन घरं. काका बाबांपेक्षा धाकटे, पण सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे वजन त्यांचंच. टीव्हीला लाकडी शटर, शटरला कुलूप आणि किल्ली काकांच्या खिशात. रविवारी संध्याकाळी ते कुलूप अशा थाटात उघडायचे की आत देव बसवलाय असं वाटावं. दिवाणावर काका आणि त्यांचा मुलगा. खुर्च्यांवर कचेरीतली माणसं. खाली सतरंजीवर काकू, माझी आई आणि गल्लीतल्या बायका. आणि उंबऱ्याला टेकून, अर्धे घरात अर्धे अंगणात, माझे बाबा. थोरला भाऊ उंबऱ्याशी बसलाय हे तिथे कोणालाच खुपत नव्हतं. मला खुपायचं, पण राग मात्र मी बाबांवरच काढायचे.

आणि ते सिनेमे! आज त्यांना अभिजात म्हणायची पद्धत आहे. त्यांत एक आई खोकायची, एक मुलगा शिकायला शहरात जायचा, एक मुलगी झाडाभोवती फिरायची, आणि काही घडणार असं वाटलं की मध्येच बातम्या लागायच्या. निम्मा वेळ चुलतभाऊ पडद्यासमोर उभा राहून बटणं पिळायचा. उरलेल्या वेळात काका पुढची गोष्ट आधीच सांगून टाकायचे, तीही चुकीची. त्यातला एकही सिनेमा मला धड आठवत नाही. आठवतात त्या फक्त साड्या.

त्याचं कारण बाबा. वीस-बावीस वर्षं त्यांनी मागावर लुगडी विणली होती. पुढे हातमागाचं काम सुटलं, माग विकला, मागाखालचा खड्डा बुजवला. आमच्या खोलीतली तेवढी जागा पायाखाली दबायची, तिथे सारवण कधी टिकलं नाही. बाबा शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागले. तिथे गिरणीच्या कापडाच्या गाठी तरटात शिवून यायच्या. बाबा त्या तरटावर ब्रशने गावांची नावं रंगवायचे. दिवसभर कापड हाताखालून जायचं आणि त्यातलं एक सूत दृष्टीस पडायचं नाही. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगाला तरटाचा वास असायचा, आणि तो वास आईला आवडत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी सिनेमात लग्नाचा प्रसंग होता. मुलाची आई नटूनथटून मांडवात आली. काकूचा जीव त्या साडीत अडकला. पण भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडावर बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत. म्हणून पदर सावरत ती मला म्हणाली, "विचार वं तुह्या बाबाले, हे लुगडं कोन्या रंगाचं असन?"

मी मागे वळून विचारलं. बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "अंजिरी."

"काहून?"

"काठ पाय ना. दोन बोटं करवती हाय. ह्या काठाले अंग अंजिरीच लागते."

त्यांच्या मागावर तसंच असायचं. करवतीच्या दात्यांचा काठ केवढा रुंद, यावरून लुगड्याच्या अंगाचा रंग ठरलेला. बोटभर काठाला मोतिया, दीड बोटाला राघू, दोन बोटांना अंजिरी. करड्या पडद्यावर बाबांना रंग दिसत नव्हता. काठ मात्र स्वच्छ दिसत होता, आणि त्यांच्या लेखी तेवढं पुरे होतं. मी सतरंजीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "अंजिरी!" बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून काकू आणि बाबा यांच्या मधली मी दूत झाले. चिंतामणी, डाळिंबी, आमसुली, गुलबक्षी, एकेक रंग उंबऱ्यावरून माझ्या कानात यायचा आणि माझ्या तोंडून घरभर जायचा. मला त्याची घमेंडही होती, उगाच खोटं कशाला सांगू? काका नाक मुरडायचे, पण त्यांच्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष नसायचं. उंबऱ्यावर बसलेला माणूस बिनरंगी सिनेमाला रंग देत होता आणि दिवाणावरच्या माणसाला ते बघत बसावं लागत होतं. त्या सगळ्या रविवारांत मला आवडलेली गोष्ट एवढी एकच.

काकूने पुढे तशीच अंजिरी साडी घेतली. गांधीबागेतल्या दुकानात जाऊन तिने शेठला सगळं सांगितलं, सिनेमातल्या लग्नाची आहे, दोन बोटं करवती काठ, अंजिरी अंग, आमच्या घरचा माणूस काळ्या-पांढऱ्यातून रंग ओळखतो. शेठ काकांच्या ओळखीचा. त्याला गंमत वाटली. तो काकांना म्हणाला, "ऐसा आदमी तो गद्दी पर चाहिए, भाई." खरेदीला आलेला माल पारखायला त्याला जाणकार हवाच होता. एकदा येऊन बघतो, म्हणाला.

त्या एका वाक्यावर बाबा महिनाभर जगले. पेटीतून जुन्या काठांचे तुकडे काढून त्यांनी ते धुतले, वाळवले, पुठ्ठ्यावर ओळीने टाचले. सदऱ्याला इस्त्री करून आणली. गोदामाच्या मुकादमाला सांगून टाकलं की दिवाळीनंतर माझं काही खरं नाही. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आईला एकदा ते म्हणाले, "आता अंगाले तरटाचा वास नाई येनार." त्या दिवशी आईने त्यांना पहिली पोळी तूप लावून वाढली.

त्याच महिन्यात काकांनी रंगीत टीव्ही आणला. गल्लीतला पहिला. त्याची मिरवणूक तेवढी काढायची राहिली होती. पहिल्याच रविवारी तोच लग्नाचा सिनेमा पुन्हा लागणार असल्याचं कळलं आणि काकांनी शेठला बोलावलं. एका दगडात टीव्हीही दाखवून होणार होता आणि भाऊही. त्या दिवशी बाबांना पहिल्यांदा खुर्ची मिळाली, शेठच्या शेजारी. पुठ्ठ्यावरचे काठ मांडीवर ठेवून ते बसले. काकू तीच अंजिरी साडी नेसून बसली होती.

काकांनी रंगाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं होतं. पैसे मोजलेत तर रंग दिसलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. नायकाचं तोंड लालभडक, नायिका हळद माखल्यासारखी, झाडं निळी. एका प्रसंगात आईने मुलाला दुधाचा पेला दिला तर दूध गुलाबी. "काय रंग हाय, वा!" कचेरीतली माणसं म्हणाली. शेठही वा म्हणाला. मी पंधरा वर्षांची होते, शाळेतल्या मैत्रिणींकडे रंगीत टीव्ही आले होते, आणि मलाही तो वा वाटला.

मग लग्न आलं. मुलाची आई मांडवात शिरली. साडी पिवळीधमक होती.

काकूने स्वतःच्या पदराकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे. शेठ बहुतेक चहात बिस्किट बुडवत होता. प्रसंग अर्ध्या मिनिटाचा, तो गेला असता. बायकांनी मनात ठेवलं असतं, काकू सगळे गेल्यावर कुरकुरली असती, आणि बाबा दिवाळीनंतर गांधीबागेत जाऊन बसले असते. पण रंग सांगायचं काम माझं होतं ना! मी उठून उभी राहिले आणि पडद्याकडे बोट करून ओरडले, "बाबा, हे तं पिवळं हाय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी पडद्याकडे नीट पाहिलं. काठ पाहिला, अंग पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मंग त्यायनं चुकीचं विनलं."

असं हसणं मी त्या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं. काका दिवाणावर हात आपटून हसले. कचेरीतली माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. चुलतभाऊ लोळला. शेठ इतका हसला की त्याच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. आणि मी हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. कारण काकांनी माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली होती आणि दिवाणावर जरा सरकून मला जागा केली होती. मी जाऊन तिथे बसले. वय लहान होतं असं सांगून मी स्वतःला त्यातून सोडवून घेत नाही.

दूध गुलाबी दिसत होतं त्या टीव्हीवर. पण दुधावरून काकांना कोणी हसलं नाही. बटणावर सगळ्यांचा विश्वास होता. बावीस वर्षं माग चालवलेल्या डोळ्यांवर मात्र अर्ध्या मिनिटात कोणाचाच राहिला नाही. खरंच साडी पिवळी होती की त्या बटणाने केली होती, हे आज कोणी सांगू शकणार नाही. मला आता त्याचं देणंघेणंही नाही. बाबा ती साडी कशी होती हे सांगतच नव्हते. ती कशी असायला हवी होती, हे सांगत होते. एवढं समजायची अक्कल त्या खोलीत एकालाही नव्हती, आणि हीच ती खोली, जिच्यात म्हणे फार प्रेम होतं.

शेठ चहा पिऊन गेला. त्याने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, नुसता निरोप आला नाही. सोमवारी बाबा सायकल काढून वाडीला गेले. मुकादमाने काय ऐकवलं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. पुठ्ठा पेटीत गेला. पुढच्या रविवारी ते उंबऱ्यावर आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या खोलीत, बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेला ते बसून असायचे आणि अंगणापलीकडून सिनेमाची गाणी ऐकू यायची. काकूने एकदा मला विचारलं, "काहून नाई येत वं तुहे बाबा?" मी खांदे उडवले. ती अंजिरी साडी तिने मोलकरणीला देऊन टाकली. मी दिवाणावर बसून सिनेमे बघत राहिले.

पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. साडी घ्यायला बाबा आणि मी इतवारीत गेलो, आईला त्या दिवशी ताप होता. दुकानदाराने पाच-सहा साड्या उलगडल्या. बाबांनी त्यातली एक जवळ ओढली. काठावर आडवी बोटं ठेवली. दोन बोटं. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मी विचारलं, "बाबा, कोणती घेऊ?"

त्यांनी काठावरची बोटं उचलली. "तूच सांग वं," ते म्हणाले. "तुले दिसते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. समोरची साडी निळी होती, झगमगीत, आणि तिला दोन बोटांचा करवती काठ होता. मी दुकानदाराला म्हटलं, "ह्यात अंजिरी दाखवा."

"ह्या काठात अंजिरी येत नाही, ताई. निळी, पिवळी, रानी."

"मग चुकीचं विणलं त्यांनी," मी म्हणाले.

दुकानदार हसला. मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून त्या निळ्या साडीची घडी पुन्हा होती तशी घालत होते.