नीलिमाच्या नावावर घेतलेलं हॉटेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही – आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि गेल्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर हे पोटात घेऊन फिरणं मला जमेना.

तशी गोष्ट आनंदाची आहे, हे आधीच सांगून टाकते. जिंकण्याची गोष्ट आहे. जिंकली ती मी नाही, एवढंच.

साकीनाक्याला आमचं ऑफिस होतं. खाली वर्कशॉप, वर आम्ही. मी डिस्पॅच बघायचे, अमोल खरेदी, आणि नीलिमा अकाउंट्स. आम्ही तिघं एकाच टेबलावर डबा खायचो. मी मुलुंडची, आमचं मूळ गाव चिपळूणजवळचं. नीलिमा घाटकोपरची. तिच्या वडिलांची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्यांनी मुलाला नाही, या मुलीला ढोलकी शिकवली. आणि काय वाजवायची ती! पण ऑफिसात हे फार कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना तिचा डावा पाय दिसायचा. लहानपणी पोलिओ झालेला, पायाला कॅलिपर, जिना चढताना कठड्याला धरलेला हात. माणसं तिच्याशी थोडं हळू बोलायची – का, कोण जाणे. पाय अधू असला की कानही अधू असतात, असं वाटत असेल का त्यांना?

मी मात्र तसं बोलत नव्हते. याचा मला अभिमान होता. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी ऑफिसातल्या सात-आठ जणांनी ठरवलं, इगतपुरीच्या पुढे तलावाकाठी गाण्यांचा मोठा फेस्टिवल होतो, तिथे जायचं. तिकिटं काढून झाली. प्रश्न राहिला तो राहायचा. तिथेच मैदानात टेंट घ्यायचे, की तासाभरावरच्या हॉटेलात उतरायचं? तुम्हाला वाटेल, यात काय एवढं. आठवडाभर आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. हॉटेलवाल्यांना गरम पाणी हवं होतं, टेंटवाल्यांना तलाव. नीलिमा टेंटच्या बाजूची, आणि सगळ्यांत ठाम.

"सकाळी टेंटवाले झाडाखाली जमतात," ती मला म्हणाली. "जो येईल तो गातो, वाजवतो. मी व्हिडिओ बघितलेत. मी ढोलकी नेणार आहे यार. हॉटेलात कोण वाजवू देईल मला?"

म्हणजे मला माहीत होतं. टेंट तिला कशासाठी हवा होता, हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

आणि मला टेंट का नको होता? सांगते – हसा हवं तर. मी घोरते. थोडंथोडकं नाही. मावसबहिणीच्या लग्नात आम्ही सगळ्या हॉलवर झोपलो होतो, तेव्हा कुणीतरी माझं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी पोह्यांच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. "ही रिक्षा कोणाची चालू राहिलीय?" मामा म्हणाला. सगळा हॉल हसला, मीसुद्धा हसले. आणि त्यानंतर नवऱ्याशिवाय कुणाच्या शेजारी झोपले नाही. हॉटेलात काहीतरी कारण सांगून वेगळी खोली घेता आली असती. टेंटमध्ये कापडाची भिंत. पलीकडे ऑफिसातली माणसं. सोमवारी पुन्हा तीच माणसं.

एवढंच होतं. इतकं साधं. "मी घोरते, मला हॉटेल हवं" – हे वाक्य तोंडातून निघालं असतं, तर दोन दिवस चेष्टा झाली असती आणि विषय संपला असता.

मी दुसरं वाक्य बोलले.

बुकिंग अमोलकडे होतं. मी त्याला जिन्यात गाठलं आणि म्हटलं – अगदी हलक्या आवाजात, काळजीने – "अमोल, टेंट नको रे. नीलिमाला ते खाली जमिनीवरून उठणं-बसणं झेपायचं नाही. ती तोंडाने बोलणार नाही, पण मला म्हणाली. तू तिला विचारू नकोस, तिला कसंतरी वाटेल."

बघा, वाक्य किती नीट बांधलंय. ती बोलणार नाही. तू विचारू नकोस. सगळ्या वाटा बंद. हे मला आयत्या वेळी सुचलं की आधीपासून मनात तयार होतं? मी पुष्कळ आठवून बघितलंय. तयार होतं.

आणि अमोललाच का सांगितलं? बुकिंग त्याच्याकडे होतं म्हणून, हे खरं. पण त्याला नीलिमा आवडायची. तसं त्याने मलाच सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलंही होतं. तिच्यासाठी म्हटलं की तो एक प्रश्न विचारणार नाही – हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याने खरंच विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत हॉटेल पक्कं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तो खुशीत नीलिमाला म्हणाला, "हॉटेल झालं. तुला तळमजल्यावरची खोली मागितलीय."

"मला? तळमजल्यावरची?" तिने घास खाली ठेवला. "आपलं टेंटचं चाललं होतं ना?"

"अगं, ते जमिनीवर झोपणं वगैरे... तुला त्रास नको."

"कोण म्हणालं मला त्रास होतो?"

अमोलने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्या क्षणात त्याला सगळं कळलं – की नीलिमा काहीच म्हणाली नव्हती. मी डब्यात बघत होते. कोबीची भाजी होती. मी ती चमच्याने इकडून तिकडे सारत होते.

"कोणी नाही," अमोल म्हणाला. "मलाच वाटलं."

नीलिमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मला उठता येतं रे. मी कशी उठते ते लोकांना बघवत नाही, त्याला मी काय करू? तू तरी त्यातला नाहीस, असं वाटलं होतं मला."

डबा बंद करून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी टेंटच घेणार. एकटी राहीन."

आणि मग मी तोंड उघडलं. तोपर्यंत गप्प बसलेली मी. "एकटी कशाला? मी येते तुझ्याबरोबर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या ओळखीत पहिल्यांदा.

संध्याकाळी अमोल जिन्यात भेटला. चिडलेला नव्हता. "मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "पण तू सांग तिला."

"सांगते," मी म्हटलं. "फेस्टिवल होऊ दे, मग सांगते."

अमोल फेस्टिवलला आला नाही. बाकीचे हॉटेलात गेले. आम्ही दोघी टेंटमध्ये. पहिल्याच सकाळी मला जाग आली तेव्हा नीलिमा टेंटच्या खांबाला धरून उभी राहिली होती, कॅलिपरचे पट्टे आवळत होती, आणि हसत होती. "शुभे, काय घोरतेस गं तू. पण लय पक्की आहे हां. एकदा पण चुकली नाहीस." मग तिने ढोलकीची पिशवी खांद्याला लावली. संपला विषय. ज्याच्यासाठी मी एवढं केलं, ते तिच्या लेखी इतकंच होतं.

आता ती सकाळ सांगते, कारण तिच्यासारखी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. झाडाखाली कॉलेजची पोरं गिटार घेऊन बसली होती. चार जण गात होते, पाचवा वेगळंच काही गात होता. नीलिमा एका उलट्या क्रेटवर बसली, पाय सरळ पुढे टाकला, ढोलकी मांडीवर घेतली. थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग एक थाप दिली. फक्त एक. पोरं दचकून थांबली. तिने मान हलवून त्यांना पुन्हा सुरू करायला लावलं, आणि या वेळी गाणं सरळ उभं राहिलं. मग तिने त्यांना बाजूला सारून वडिलांच्या पार्टीचा ठेका धरला – घाटकोपरच्या वस्तीत जयंतीला वाजतो तो. माणसं टेंटमधून बाहेर यायला लागली. कुणाच्या तोंडात टूथब्रश, कुणाच्या खांद्यावर टॉवेल. बघता बघता मैदानात ही गर्दी. कुणी तिच्या पायाकडे बघत नव्हतं. बघायला सवड कुणाला होती? सगळे नाचत होते. मी नाचत होते. तलावावर ऊन आलं होतं आणि ती घामाने भिजून, मान मागे टाकून वाजवत होती. मला वाटलं – ही माझी मैत्रीण आहे. छाती अशी भरून आली होती.

आदल्या दिवशी मोठ्या स्टेजवर गायलेली एक गायिका हातात चहाचा कप घेऊन मागे उभी होती. चहा थंड होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग पुढे आली आणि नीलिमाचा नंबर घेतला.

आपण हॉटेलात असतो तर? नीलिमा परतीच्या वाटेवर सारखी हेच म्हणत होती. "तू आली नसतीस तर मी पण गेले नसते गं. नुसती रागाने बोलले होते. एकटीने टेंट घ्यायची हिंमत नव्हती माझी."

तेव्हा सांगायला हवं होतं. बसमध्ये, तिथल्या तिथे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग सांगायची वेळच राहिली नाही – असं मी स्वतःला सांगायचे. गायिकेने तिला बोलावलं, एक कार्यक्रम झाला, मग दुसरा. वर्षभरात नीलिमाने नोकरी सोडली. तिच्या वडिलांनी आख्ख्या चाळीत पेढे वाटले. मोठमोठ्या गाण्यांत तिची ढोलकी वाजते आता. तुम्ही नक्की ऐकली असेल. आणि अमोल? नीलिमा त्याच्याशी नंतर कामापुरतंच बोलली. तो वाट बघत होता, मी सांगण्याची. काही महिने बघितली असेल. मग नाशिकला नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं. जाताना मला भेटला, पण विचारलं नाही.

नीलिमा जिथे जाते तिथे ती टेंटची गोष्ट सांगते. मुलाखतीत सांगते, घरच्यांना सांगते, माझ्या मुलीला तर तिने दहादा सांगितली असेल. "सगळ्यांनी मला पांगळी ठरवलं तेव्हा ही एकटी माझ्याबरोबर जमिनीवर झोपली," म्हणते. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. आणि आता शेवटचं, सगळ्यांत वाईट ते सांगते – मला ते आवडतं. लाज वाटत नाही असं नाही. पण आवडतं. ती सांगायला लागली की मी थांबते, पूर्ण ऐकते.

गेल्या आठवड्यात त्याच फेस्टिवलला, त्याच तलावाकाठी, मोठ्या स्टेजवर नीलिमाचा स्वतःचा कार्यक्रम होता. तिचं नाव पाटीवर, सगळ्यांत वर. मी पुढे उभी होते. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं म्हणून वळून पाहिलं तर अमोल. केस पांढरे झालेले, बायको सोबत. "कशी आहेस?" म्हणाला. बायकोशी ओळख करून दिली, "आम्ही एका टेबलावर डबा खायचो." बस. नीलिमाला कळवून आला नव्हता. तिकीट काढून आला होता.

नीलिमा वाजवायला लागली आणि मैदान उसळलं. काय सांगू तुम्हाला – हजारो माणसं आणि एक ठेका. अमोल डोळे मिटून ऐकत होता. मीही सगळं विसरले. ती जिंकली होती. माझ्यामुळे नाही, माझ्यासकट सगळ्यांना ओलांडून.

शेवटच्या गाण्याआधी तिने माइक जवळ ओढला.

"मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा मला सांभाळून घ्यायला सगळे तयार होते. बरोबर यायला एकच जण तयार होती," ती म्हणाली. "ती आज इथे आहे. शुभे, कुठे आहेस गं? हात वर कर."

लोक वळून शोधायला लागले. अमोलने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधला मी, सापडला नाही. मग तो टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या बायकोनेही वाजवल्या.

मी हात वर केला.