मुलाण्याचा मान

आषाढातला मंगळवार, बकऱ्याची वर्गणी सहा हजार, हजर आम्ही नऊ घरवाले आणि मरीआईचा पुजारी. हा माणूस कुणाशी वाद घालत नाही. सगळ्यांना ‘मालक’ म्हणतो, बोलण्याआधी उपरण्यानं चष्मा पुसतो.

देवीचं बकरं गावातल्या मुसलमान मुलाण्यानं कापायचं, हा जुना रिवाज. यंदा काही जवान पोरं म्हणाली, “औंदा त्याला बोलवायचं न्हाई. आला तर पाय मोडू.”

पुजाऱ्यानं चष्मा पुसला.

“बरं मालक, मंग बकरं सोडून द्या. त्याच्याबिगर मी निवद दाखवत न्हाई.”

तो उठला आणि मुलाण्याला घरून हात धरून घेऊन आला. पोरं बाजूला सरकली.

मुलाण्यानं बकरं कापलं, आणि सगळ्यांत आधी त्याचाच वाटा निघाला. पुजाऱ्यानं तो मुलाण्याच्या घरी, दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिला.