परदेशातल्या झिलाचं पदक

साठच्या दशकात धाकटे दीर जर्मनीत रसायनशास्त्राचं संशोधन करत होते आणि आम्ही इकडे कोकणात, आचऱ्याला राहत होतो. एका पत्रात त्यांनी कळवलं की परदेशी काम करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्यांचं नाव गेलंय. अट एकच: निकाल लागेपर्यंत नोकरी बाहेरच हवी.

मी पत्र वाचून दाखवलं. सासूबाई विळीवर नारळ खोवत होत्या.

"म्हणजे तो घराक इलो तर पुरस्कार मेळाचो नाय?"

"नाय."

"मगे ह्यो पुरस्कार की दंड गो?"

लेक परत यावा म्हणून त्या दरवर्षी देवळात गाऱ्हाणं घालून घ्यायच्या. आमच्याकडे देवाला मनातल्या मनात मागत नाहीत. गावकार नारळ ठेवून मोठ्याने मागणं मांडतो आणि मागे उभे असलेले 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारतात. दोन मागण्यांची टक्कर नको म्हणून त्या वर्षी मी कागदावर क्रम लावून दिला: आधी पुरस्कार, मग प्रकृती, शेवटी परत येणं. क्रम बदलू नये, असंही खाली लिहिलं.

गावकारमामांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"सुनेन लिवल्यान हा," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचा बोला."

मामांनी कागद नारळाखाली सरकवला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या घरचो झील परदेशात आसा. तेका बक्षीस गावांदे. पण ता घेवक तेका हंय येवचाच लागात, असा कायतरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा.

पुरस्कार मिळाला. पदक दिल्लीला स्वतः येऊन घ्यायचं होतं. जर्मनीला गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदाच दीर आले आणि दिल्लीहून आठ दिवस घरी राहिले. रोज कोणीतरी येऊन पदक हातावर तोलून बघे आणि सोन्याचं आहे का ते विचारी.

निघायच्या सकाळी पदक गायब. दिरांनी बॅग दोनदा उपसली. कणकवलीची एसटी तासाभरावर आलेली.

"वयनी, तुमी बघितलात?"

कोठीघर माझ्या ताब्यात होतं. तांदळाच्या पिंपात तांदळाखेरीज काय आहे, ते मला कालपासून ठाऊक होतं. मी आमसुलांची पुडी बांधत राहिले.

"आये, माझा पदक खंय आसा?"

"आसात खंयतरी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सोधून ठेवतलंय. फुडच्या वर्साक येऊन घेवन जा."

दीर आईकडे बघून हसले आणि बॅगेचं कुलूप लावलं.

"बरा. मे म्हयन्यात येतंय."

"कितवी तारीख?" सासूबाईंनी विचारलं आणि मला पेन्सिल आणायला पिटाळलं.