जर्नलमधली जास्तीची नोंद

आधीच सांगते, भूतखेत मी मानत नाही. आम्ही बौद्ध, घरात आत्मा हा शब्दसुद्धा कोणी मनावर घेत नाही. त्यात मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका छोट्या दुकानात डेटा रिकव्हरीचं काम करते. हरवलेली फाइल परत आली की त्याला कारण असतंच... म्हणून हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

माझी मावशी धुळ्याला असते. काका मागच्या वर्षी गेले. आजारपणात त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्यासाठी एक रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, ‘मी गेल्यावर ऐक’ म्हणून. तिचा धीरच होत नव्हता. शेवटी तयार झाली, तर मावसभाऊ फाइल कट करून पेन ड्राइव्हवर टाकत असताना लाइट गेली. पेन ड्राइव्ह रिकामा. कॉम्प्युटरमधूनही फाइल गेलेली. मावशीने ती एकदाही ऐकली नव्हती.

डिस्क मी दुकानात आणली. तिची हुबेहूब प्रत काढली आणि फक्त त्या प्रतीवर, फक्त वाचण्यापुरतं काम केलं. या लिनक्स डिस्कवर काहीही बदलायच्या आधी सिस्टिम ‘आता मी हे करणार’ असं जर्नलमध्ये लिहिते. लाइट गेली तर नंतर तेच वाचून सावरते. प्रत्येक नोंदीला क्रमांक. वैताग असा, की फाइलमधला मजकूर सहसा तिथे नसतो... फक्त नाव आणि ती डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. शिवाय जागा संपली की जर्नल पुन्हा सुरुवातीपासून स्वतःवरच लिहीत जातं. पत्ता असलेल्या जुन्या नोंदी अशाच गेल्या होत्या. शेवटची नोंद होती फाइल पुसल्याची. पत्ता कोरा.

ते सगळं सेव्ह केलं. तेवढ्यात मावशीचा फोन.

“सापडनी का व?”

“नाही अजून.”

“बघ माय. घाई नही शे.”

घाई नाही म्हणायची, आणि तासाभराने परत फोन!

दुसऱ्या दिवशी त्याच प्रतीवर जर्नल वाचायची तीच कमांड दिली. पुसल्याच्या नोंदीनंतर आणखी एक नोंद दिसली. क्रमांक बरोबर पुढचा. एका फाइलचा पत्ता, आणि नाव — aathe she.

मी वाचलं, ‘आठे शी’. She म्हणजे ती? कोण ती?

शेजारच्या टेबलावरच्या रोहितला दाखवलं. “जुना कचरा असेल गं.”

“क्रमांक पुढचा आहे.”

“मग काल तू नीट बघितलं नसशील, मॅडम.”

कालची सेव्ह केलेली फाइल त्याच्यासमोर उघडली. त्यात ही नोंद नव्हती. प्रतीचा चेकसम मात्र कालचाच — म्हणजे तिच्यात एक अक्षरही बदललेलं नाही. रोहित चहा प्यायला निघून गेला.

मी मावशीला फोन लावला. “काका ‘आठे शी’ असं काही म्हणायचे का?”

ती म्हणाली, “शी नही व पोरी, शे! आठे शे. इथे आहे. तुले अहिराणी कोठे येस... म्हणून ते तुझ्याशी शुद्ध बोलायचे.”

त्या पत्त्यावर जे होतं ते बाहेर काढलं. आधी खोकला, मग काकांचा आवाज.

मी स्वतः बसने धुळ्याला गेले. मावशीने डोळे मिटून ऐकलं. मध्येच “झूठा!” म्हणून हसली आणि हसता हसता रडली. काका काय म्हणाले ते सांगणार नाही. निम्मं मला कळलंच नाही.

जास्तीच्या नोंदीचं मी तिला भीतभीतच सांगितलं. तर मावशी मलाच म्हणते, “आपन आत्मा मानतस का? मशिनमा राही गयं व्हई काही.”

परत आल्यावर पुन्हा तीच कमांड दिली. नोंद नाही! शेवटी फाइल पुसल्याची नोंद, पत्ता कोरा, चेकसम तोच. तिन्ही दिवसांचं सेव्ह केलेलं माझ्याकडे आहे. फोरमवर विचारलं, तर लोक म्हणतात चूक तुझीच. असेल. मग ती चूक मावशीच्या भाषेत कशी झाली? आणि निरोप तिच्यासाठी होता, तर तो मला का दिसला... मला तर तो धड वाचताही आला नाही.