अक्काचा लाल साबण

नातवानं आणलेल्या लाल साबणाचा वास आला आणि भूगावचा आमचा गोठा आठवला.

थोरली अक्का पुण्यात नर्स होती, ऑपरेशनच्या खोलीत. वर्षभरातच सुट्टीला येऊन म्हणाली, "आता बाळंतिणींच्या वॉर्डात जाते." आबा भडकले, "सुईण व्हायला शिकलीस व्हय?"

त्याच दुपारी म्हैस विताना अडली. गावातली अडलेली जनावरं मीच सोडवायचो, पण अक्कानं मला बाजूला सारलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हशीशी हळूहळू बोलत रेडकू बाहेर काढलं. काय बोलत होती, याचं मला अजून कुतूहल हाय.

मी हसलो, "म्हशीला काय कळतंय गं?"

"ऑपरेशनला माणूस झोपल्यालं असतंय. बोलू कुनाशी?"

आबा गोठ्याच्या दारातून ऐकत होते. ती निघाली तेव्हा त्यांनी खरवसाचा डबा तिच्या हातात दिला, "तुझ्या बाळंतिणींना दे."