अक्का कोणाच्या बाजूने

अक्कांसमोर 'हे लोक असेच' असं म्हणायची सोय नव्हती. एकदा रिक्षावाल्याशी भांडून मी तणतणत त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरात शिरलो. म्हणालो, "इथले रिक्षावाले लुटारू आहेत." पोहे परतता परतता त्यांनी विचारलं, "सगळे, की आजचा एक? मी तर सकाळी मीटरने आले."

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मी सांगलीहून आलो तेव्हा मला कन्नडचा गंधही नव्हता. पीण्या या औद्योगिक वसाहतीत मला कारखान्यासाठी शेड भाड्याने हवी होती; मालकाशी माझ्या वतीने त्याच बोलल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भाव जरूर कर, पण आधी 'स्वल्प' म्हणायला शीक. थोडंसं मागणाऱ्यावर कोणी चिडत नाही." माझा धंदा त्या शब्दावर उभा राहिला.

आमच्या मराठी मंडळाचं दर महिन्याचं जेवण त्यांच्या गच्चीवर व्हायचं. पोळ्या पुरुषांनीच लाटायच्या, हा त्यांचा नियम. माझ्या पोळीला त्या 'कर्नाटकचा नकाशा' म्हणत आणि तीच स्वतःच्या ताटात वाढून घेत.

गेल्या वर्षी एका कंपनीतल्या खरेदी अधिकारी बाईंनी मला तोंडी होकार दिला, मी कच्चा माल भरला आणि त्यांनी ऑर्डर दुसऱ्याला दिली. तो राग अजून गेलेला नाही. त्या तिरमिरीत मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'खरेदी बायकांच्या हाती गेली की शब्दाला किंमत राहत नाही.'

ऑर्डरचं काय झालं, ते कोणी विचारलंच नाही. 'हरलेला पुरुष असाच बोलतो,' एकीने लिहिलं. एरवी मला टाळणारे पुण्याचे दोघे आयटीवाले माझ्या बाजूने तुटून पडले, आणि मला ते आवडलं. संध्याकाळपर्यंत जो तो पुरुष म्हणून नाहीतर बाई म्हणून भांडत होता.

तेवढ्यात अक्कांचा फोन आला. "अरे, आधी ते काढून टाक. मग मला नीट..."

"तुम्हीही शेवटी बायकांचीच बाजू घेणार," मी ओरडलो.

"सरी," म्हणजे 'बरं', एवढंच त्या कन्नडमध्ये म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या जेवणाला बायका आल्या नाहीत. पुरुषांनी बाहेरून मागवलं. अक्का जेवल्या नाहीत. मग ते जेवणच बंद पडलं.

उन्हाळ्यात त्या कायमच्या म्हैसूरला, भाचीकडे निघाल्या. टेम्पो मी ठरवला. त्या दिवशी भाड्यात घासाघीस केली नाही. सामान चढल्यावर कसंबसं म्हणालो, "अक्का, तेव्हा फोनवर मी..."

"तुझ्यावर अन्यायच झाला होता," त्या म्हणाल्या. "तेच सांगायला केला होता फोन."

भाचीने गाडीचं दार उघडून धरलं होतं. मी टेम्पोच्या आवळलेल्या दोऱ्या उगाच पुन्हा आवळत राहिलो.