बारा निरोप आणि एकच टाकी

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात आमच्या बारा घरांच्या सोसायटीचं पाणी मी भर दुपारी एकट्या आमच्या टाकीत भरलं. चोरी नव्हती हो, प्रोग्रॅमिंग होतं!

शहर बिडकीनच्या दिशेनं पसरत चाललं होतं आणि नळाचं दर्शन आठवड्यातून एकदा. टँकर खालच्या हौदात रिकामा व्हायचा, मग वॉचमनमामा मोटार लावून एकेका घराच्या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह दहा-दहा मिनिटं उघडायचे. कुणाचा नंबर झाला, कुणाचा राहिला, यावरून रोज जिन्यात भांडण. मी ऑफिसात प्रोग्रॅम लिहितो, म्हणून मीच मिशीला पीळ देऊन पुढं झालो. आता माझ्या प्रोग्रॅमकडून दर दहा मिनिटांनी मामांच्या मोबाईलवर निरोप येणार होता : अमुक घर उघडा.

पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्या काकूंचा ऑफिसात फोन. "भावजी, गच्चीवरच्या तुमच्या टाकीतून धबधबा लागलाय. सगळ्यांनी तिकडंच आंघोळीला यायचं का?"

धापा टाकत पोचलो. मामा शांत. "साहेब, दर बारीला मोबाईल म्हणला बारा. म्या खोललं बारा."

बारावं घर आमचं. हौद जवळजवळ कोरडा, पार्किंगमध्ये तळं, आणि जिन्यात रिकाम्या बादल्यांसह अकरा घरं. सगळ्यांच्या नजरेत मी पाणीचोर.

चूक मला तिथंच कळली आणि जिन्यातच मी ती सगळ्यांना समजावली. मी एक ते बारा घरं मोजत दर घराचा निरोप तयार करणारं चक्र, म्हणजे लूप, लिहिलं होतं. मी वापरलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्या चक्राचा आकडा म्हणजे जिन्यातली एकच पाटी : एक पुसून दोन, दोन पुसून तीन. प्रत्येक निरोपाला मी सांगितलं होतं, निघताना पाटी वाच. पण चक्र क्षणात संपलं, आणि पहिला निरोप निघेपर्यंत पाटीवर बारा लिहून झालं होतं.

"मग प्रत्येकाच्या हातात आपापली चिठ्ठी द्यायची की!" काकू म्हणाल्या.

वीस वर्षं मी हेच काम करतोय. आकडा फंक्शनच्या, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या तुकड्याच्या, हाती दिला की त्याची वेगळी प्रत होते, पाटी पुसली तरी चिठ्ठी तशीच राहते. काही भाषा तर आपण न सांगताच दर फेरीला नवी चिठ्ठी देतात. हे काकूंनी पोळ्या लाटता लाटता उठून येऊन सांगावं!

पण चिठ्ठ्यांनी कुणाचा माठ भरणार नव्हता. मी घराचं दार सताड उघडलं, स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि म्हटलं, "न्या." लोक नेत गेले. शेवटच्या बादलीला नळ नुसता फुसफुसला.

तेवढ्यात बायको फुलंब्रीहून, माहेराहून आली. ओल्या फरशीवर उभं राहून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अकरा घरांना दिलं ते बरं केलं," ती म्हणाली. "आता कुकरपुरतं पाणी मागायला पातेलं घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि तोंडानं मागा, प्रोग्रॅम लिहीत बसू नका."